काचेच्या पेटीतील समुद्र आणि प्रवाहाचे गणित

पोवळे म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवते ती मंगळाची अंगठी. ते लाल पोवळे भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या कपारींत वाढते. उष्ण कटिबंधातील उथळ, उजेडाच्या समुद्रात ज्यांनी मैलोगणती भिंती उभारल्या, ती प्रवाळे निराळ्या कुळातील. ती दगड नव्हेत आणि झाडेही नव्हेत. ते प्राणी आहेत आणि त्यांच्या आयुष्यातील सर्व अडचणींचे मूळ एकाच गोष्टीत आहे : त्यांना जागचे हलता येत नाही. मासा प्राणवायू कमी पडला तर वर येतो, घाण साचली तर दूर जातो. प्रवाळाला यातले काहीच शक्य नाही. त्याला लागणारा प्राणवायू, अन्न आणि सांगाड्यासाठीचा चुना पाण्यानेच दारात आणून द्यावा लागतो आणि त्याने टाकलेला मळही पाण्यानेच उचलून न्यावा लागतो. म्हणूनच खाऱ्या पाण्याचे प्रवाळ-मत्स्यालय उभारणाऱ्यांच्या जगात रंग, दिवे आणि मासे यांच्याइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक चर्चा चालते ती प्रवाहाची.

कोणत्याही घन पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक अतिशय पातळ थर जवळजवळ स्थिर राहतो. शास्त्रज्ञ त्याला सीमास्तर म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या हिशेबात मोजावी लागते; पण प्रवाळाच्या दृष्टीने ती एक भिंतच असते, कारण या थरातून प्रत्येक रेणूला केवळ विसरणाने, म्हणजे मुंगीच्या गतीने, वाट काढावी लागते. पाणी संथ असेल तर हा थर जाड होतो, वेगाने आणि खळबळत वाहत असेल तर पातळ. आता प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा विचार करावा. हे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. अनेक प्रवाळांची ऊर्जेची बहुतेक गरज त्यातूनच भागते. मात्र भर दुपारी हेच शैवाल इतका प्राणवायू सोडते की तो ऊतींमध्ये साचून विषारी ठरू लागतो. रात्री उलट घडते. प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालूच राहते आणि संथ पाण्यात प्रवाळाच्या कातडीलगतचा प्राणवायू जवळजवळ शून्यावर येऊ शकतो. दिवसा गुदमरायचे अतिरेकाने आणि रात्री अभावाने, असा हा प्रकार. दोन्हींवर उतारा एकच : वाहते पाणी.

याचा प्रत्यय समुद्रातच आला. १९९८ मध्ये समुद्राचे तापमान वाढल्याने जगभर प्रवाळांचे विरंजन झाले, म्हणजे ताणाखाली आलेल्या प्रवाळांनी आपल्या ऊतींतील शैवाल बाहेर टाकले आणि ती पांढरीफटक पडली. जपानच्या ओकिनावा परिसरात त्या वेळी झालेल्या निरीक्षणांवरून आणि प्रयोगांवरून संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, जेथे प्रवाह जोरकस होता तेथील प्रवाळे तगून राहण्याची शक्यता अधिक होती. प्रवाहाची छाप आकारावरही पडते. पोसिलोपोरा या प्रवाळाची एकच जात लाटांच्या माऱ्यात ठेंगणी, जाड फांद्यांची आणि गच्च होते. संथ पाण्यात तिच्याच फांद्या बारीक आणि विरळ निघतात. जाणकार मनुष्य टाकीतील प्रवाळाकडे पाहून तेथील पंप कसे बसवले आहेत हे सांगू शकतो, ते यामुळेच.

काचेच्या पेटीत असा प्रवाह निर्माण करण्याचे प्रयत्न साठ वर्षांहून अधिक जुने आहेत. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली : समुद्रातील जिवंत खडक, नैसर्गिक पाणी आणि हवेचे बुडबुडे. एवढ्यावर त्यांनी प्रवाळ जगवले होते. अर्थात, ताजे समुद्राचे पाणी त्यांच्या हाताशी होते. पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी १९८० मध्ये लाटांसह चालणारी एक छोटी प्रवाळ-परिसंस्थाच लोकांसमोर उभी केली. होनोलुलूच्या वायकिकी मत्स्यालयातील ब्रूस कार्लसन यांच्या नावाने ओळखले जाणारे साधन तर फारच गमतीचे आहे. उंचावरील टाकीत पाणी हळूहळू भरते, ठराविक पातळी गाठताच सायफन आपोआप सुरू होतो आणि सगळे पाणी एका दमात खालच्या मत्स्यालयात कोसळते. पुन्हा भरणे, पुन्हा कोसळणे. त्यात हलणारा भाग जवळजवळ नाही, आणि तरीही खडकावर फुटणाऱ्या लाटेचा येणारा-जाणारा धक्का हुबेहूब मिळतो. तत्त्व आपल्या स्वच्छतागृहातील जुन्या साखळीच्या टाकीचेच, त्यामुळे आवाजही तसाच होतो. दिवाणखान्यात हे यंत्र फारसे रुळले नाही, यात नवल नाही.

दिवाणखान्याचा प्रश्न सोडवला तो पंखासदृश पात्यांच्या पंपांनी. पूर्वीचे पंप बारीक तोंडातून पाण्याची पिचकारी मारत. समोर येणाऱ्या प्रवाळाची कोवळी ऊती त्या माऱ्याने सांगाड्यावरून सोलून निघे, आणि वीतभर बाजूला पाणी निपचित पडलेले असे. २००० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीच्या टुन्झ कंपनीच्या व त्यापाठोपाठ इतरांच्या प्रोपेलर पंपांनी हे चित्र पालटले. त्यांचा झोत रुंद आणि सौम्य असतो, पण त्यातून वाहणाऱ्या पाण्याची राशी प्रचंड असते, आणि त्यासाठी अनेकदा एका जुन्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी वीज लागते. काही वर्षांतच मोटार काचेच्या बाहेर आणि पाते आत, मधे केवळ चुंबकाची ओढ, अशीही रचना आली. मोटारीची उष्णता पाण्यात उतरत नाही, हा तिचा मोठा लाभ.

आता प्रत्यक्ष गणित. समजा, १५० सेंटीमीटर लांब, ७० रुंद आणि ६० उंच अशी टाकी बांधून घेतली. तिचे घनफळ ६३० लिटर. खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण ५५० लिटर. ताशी जितके पाणी पंप ढकलतात त्याला टाकीतील पाण्याने भागले की जो आकडा येतो तो या क्षेत्रातील लोकांचा आवडता मापदंड. मऊ प्रवाळांना दहा ते वीस पट पुरते. अॅक्रोपोरासारख्या, लाटांच्या माऱ्यात वाढणाऱ्या दगडी प्रवाळांसाठी तीस-चाळीस पट किंवा त्याहून अधिक सुचवले जाते. चाळीस पट म्हणजे ताशी २२ हजार लिटर. ऐकायला हा महापूर वाटतो.

पण हा आकडा फसवा आहे. ताशी २२ हजार लिटर म्हणजे सेकंदाला सहा लिटरांच्या आसपास. टाकीचा आडवा छेद ०.४२ चौरस मीटर. पाणी अर्ध्या छेदातून पुढे आणि अर्ध्या छेदातून मागे फिरते असे धरले, तर त्याचा सरासरी वेग भरतो सेकंदाला अवघा तीन सेंटीमीटर. खऱ्या प्रवाळखडकाच्या लाटा झेलणाऱ्या कडेवर तो सेकंदाला काही दशक सेंटीमीटर असतो. म्हणजे केवळ पंपांची बेरीज करून भागत नाही, ढकललेल्या पाण्याचा जोर वाया जाऊ न देणे महत्त्वाचे. दोन पंप समोरासमोर लावून त्यांचे झोत मध्यावर आदळवले तर खळबळ होते, पण वेग तेथेच मरतो. याउलट झोत एका लांब काचेच्या कडेने सोडला, पलीकडच्या काचेवरून तो वळून दुसऱ्या बाजूने परतला आणि पुन्हा पंपाच्या पाठीशी आला, तर टाकीतले सगळे पाणी एका चक्रात फिरू लागते. पंप दर फेरीला थोडा थोडा जोर घालत राहतो आणि काही मिनिटांत पंपांतून प्रत्यक्ष जाणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी गतिमान होते. हे झोक्यासारखेच आहे : योग्य क्षणी हलका धक्का पुरतो.

येथे खडकाची मांडणी निर्णायक ठरते. मागच्या काचेला टेकवून रचलेली दगडांची भिंत दिसायला भरगच्च असते. परंतु तिच्यामागे पाणी मरते, गाळ साचतो आणि पुढे नायट्रेट वाढल्याचे कळते तेव्हा कारण सापडत नाही. टाकीच्या मध्यभागी एक-दोन मोकळी बेटे, चारी बाजूंनी पाणी फिरू शकेल अशी ठेवावीत. समुद्रात भरती-ओहोटीने प्रवाहाची दिशा उलटते, म्हणून दोन पंप काही तासांच्या अंतराने आलटून पालटून चालवले की एका बाजूची प्रवाळे कायम आडोशाला राहत नाहीत. पॉलिपचे स्पर्शक सतत एकाच दिशेला दडपलेले दिसणे ही अतिरेकाची खूण. ते डोलत, मधून मधून आळोखेपिळोखे देत असावेत.

बाकीची रचना थोडक्यात सांगता येईल. टाकीतून ओसंडणारे पाणी खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये उतरते. तेथे प्रोटीन स्किमर सूक्ष्म बुडबुड्यांच्या फेसाने सेंद्रिय मळ वेगळा काढतो आणि एक स्वतंत्र पंप पाणी वर परत पाठवतो. वीज गेली की हा पंप थांबतो, पण परतीचा नळ सायफन बनून पाणी उलटे खेचू लागतो. आपल्या उदाहरणातील टाकीची पातळी तीनच सेंटीमीटर उतरली तरी सुमारे ३१ लिटर पाणी खाली येते. संपमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर ते कोठे जाणार, हे खालच्या मजल्यावरील शेजारी सांगतील. भारनियमनाचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना दुसरा मुद्दाही सहज उमगेल : प्रवाह थांबल्यावर एवढ्या जिवांनी गजबजलेल्या पाण्यातील प्राणवायू काही तासांत धोक्याच्या पातळीला येतो, तेव्हा बॅटरीवरील हवेचा पंप ही चैन नाही. पाण्याचेच वजन ५५० किलोहून अधिक; काच, खडक आणि संप धरता एकूण भार पाऊण टनावर सहज जातो, त्यामुळे जागा ठरवण्याआधी स्थापत्य अभियंत्याला विचारलेले बरे.

पाणी नळाचे चालत नाही. आरओ आणि आयनविरहित शुद्धीकरणातून काढलेल्या पाण्यात समुद्री मिठाचे मिश्रण विरघळवून क्षारता हजारी ३५ वर आणतात. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. प्रवाळे वाढू लागली की हा कॅल्शियम रोज खर्ची पडतो. तो भरून काढण्याचा एक जुना आणि अजूनही उत्तम मार्ग म्हणजे चुन्याची निवळी. पानाच्या डब्यातला चुना रासायनिकदृष्ट्या जे आहे तेच, अर्थात शुद्ध रूपात, पाण्यात कालवून निवळू द्यायचे आणि वरचे स्वच्छ पाणी रात्री थेंबाथेंबाने सोडायचे. बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याची भरही त्यातच होते. उडते ते केवळ पाणी, मीठ मागेच उरते, म्हणून भर गोड्या पाण्याचीच हवी. आणि या सगळ्याआधी टाकी काही आठवडे रिकामी चालवावी लागते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू तोवर वस्तीला आलेले नसतात. उतावळेपणाने जेवढी प्रवाळे मेली असतील, तेवढी वाईट पंपांनी खचित मेली नसतील.

हे सर्व वाचून एखाद्याच्या मनात पुण्या-मुंबईतील घरी असा समुद्र उभारण्याचा मोह उत्पन्न झाला, तर त्याला येथेच थांबवणे भाग आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व दगडी प्रवाळांचा, काळ्या प्रवाळांचा, अग्निप्रवाळांचा आणि समुद्रपंख्यांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. समुद्रातून तुकडा तोडणे, तो विकणे वा विकत घेणे गुन्हा आहे, मग दुकानदार काहीही सांगो. ज्या देशांत हा छंद कायदेशीर आहे, तेथेही आज टाकीतच वाढवलेल्या वसाहतींचे तुकडे घेण्याकडे कल आहे. आपल्याकडे मासे आणि चिनीमातीचे कृत्रिम खडक यांच्यावर प्रवाहाची हीच तत्त्वे आजमावता येतात. प्रवाळे पाहायचीच असतील तर ती सिंधुदुर्गात मालवणच्या समुद्रात आहेत. मुंबईच्या हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरही आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामात येणाऱ्या काही वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली २०२० मध्ये दुसरीकडे हलवण्यात आल्या, तेव्हा अनेक मुंबईकरांना त्यांचे अस्तित्व प्रथमच कळले.

मग हौशी मंडळींनी खर्चलेल्या या बुद्धीचा उपयोग काय? लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक प्रकल्प हाती घेतला. प्रवाळे वर्षातील ठराविक काळात, चंद्राच्या ठराविक तिथींना, एकाच वेळी बीजे आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. समुद्रापासून दूर, बंद टाक्यांत त्यांनी ऋतूंनुसार बदलणारे तापमान, दिवसाची लांबी आणि एलईडीचे कृत्रिम चांदणे यांचा मेळ घालून हा सोहळा ठरवून घडवला, आणि २०१७ मध्ये पद्धतीचा सर्व तपशील प्रसिद्ध केला. त्यांच्याच सहकार्याने फ्लोरिडा मत्स्यालयात ऑगस्ट २०१९ मध्ये अटलांटिकमधील स्तंभ प्रवाळाचे प्रजनन प्रयोगशाळेत प्रथमच साधले. या प्रवाळावर फ्लोरिडात २०१४ पासून ऊती झडण्याच्या एका रोगाची साथ आली होती. ते तेथील समुद्रातून जवळजवळ नाहीसे झाले आणि वाचलेले बरेचसे वाण आज जमिनीवरील टाक्यांत आहेत. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाचा समुद्र असह्य तापला, तेव्हा समुद्रातील रोपवाटिकांतून हजारो प्रवाळखंड घाईने उचलून अशाच टाक्यांत आणावे लागले आणि पाणी निवल्यावर त्यांतील अनेक परत नेण्यात आले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने चौथे जागतिक विरंजन जाहीर केले.