उघड्यावरचा घास

आशियात फिरून आलेला माणूस देवळांआधी तिथल्या खाऊबाजारांबद्दल बोलतो. मीही बोलत असे. सिंगापूरच्या हॉकर केंद्रात अनोळखी माणसांशेजारी बसून जेवताना लाभलेल्या समाधानाचे कारण मी चवीत शोधत होतो. ते सापडले घराजवळ, कामतघरात.

भिवंडीचे यंत्रमाग सहसा बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कितीतरी कामगार एकेका खोलीत दाटीने राहतात. तिथे शेगडी मांडायलाही जागा नसते. पाळी सुटली की केसांत अडकलेल्या कापसाच्या तंतूंसह ते नाक्यावरच्या गाड्यांपाशी येतात. एकीकडे लिट्टी-चोखा, शेजारी इडली, पलीकडे वडापाव. प्रवाशासाठी जी मौज, तेच त्यांचे स्वयंपाकघर.

अशा बाजाराचे आकर्षण त्याच्या मर्यादांतूनच जन्मते. गाडीवर जागा कमी, म्हणून पदार्थ एकदोनच; रोज तेच करून हात बसतो. साठवायला फ्रिज नाही, म्हणून आणलेला माल त्याच दिवशी संपवावा लागतो. आडोसा नाही, म्हणून रांधणे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होते. कसब, ताजेपणा आणि विश्वास असे एकत्र येतात. उणीव एकच, पण मोठी: नळ आणि सांडपाण्याची वाट.

सिंगापूरने नेमकी हीच उणीव भरून काढली. 1971 ते 1986 या काळात रस्त्यावरच्या विक्रेत्यांना नळ, वीज आणि गटारे असलेल्या केंद्रांत जागा दिली गेली. 2020 मध्ये युनेस्कोने त्या हॉकर संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणालाही हटवू नये, असे तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत, हेही त्यात आहे.

एका संध्याकाळी मी नाक्यावर गेलो, तर गाड्या नव्हत्या. का, ते कुणी नीट सांगेना. दिवसपाळी संपवून आलेला एक तरुण रिकाम्या जागेकडे बघत उभा होता. ‘‘आता काय खाणार?’’ मी विचारले. त्याने खिशातला बिस्किटांचा पुडा दाखवला आणि खोलीकडे वळला.

मी घरी आलो. ताट वाढलेले होते. त्यानंतर सिंगापूरच्या जेवणाच्या गोष्टी मी पूर्वीसारख्या रंगवून सांगू शकलो नाही.