गाठ दुखत नाही, म्हणून अंगावर काढू नका



स्तनात गाठ हाताला लागते, पण दुखत नाही. सांगायला लाज वाटते, दवाखान्यात गेले तर रोज बुडेल ही भीती असते. असे महिने जातात आणि आजार वाढतो. भारतात स्त्रियांना सर्वांत जास्त होणारा कर्करोग स्तनाचाच आहे. २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण असल्याचा अंदाज आहे.

धोका कशाने वाढतो? पाळी सुरू झाली की शरीरात इस्ट्रोजेन नावाचे हार्मोन जास्त बनू लागते. ते स्तनातल्या पेशींना वाढायला लावते. जितकी जास्त वर्षे हे चालते, तितका धोका थोडा वाढतो. म्हणून पाळी लहान वयात येणे, पंचावन्ननंतर जाणे, पहिले मूल तिशीनंतर होणे किंवा मूलच न होणे यांनी धोका वाढतो. यातले बरेचसे बाईच्या हातात नसते. तेव्हा मूल नसलेल्या बाईला "तुझंच चुकलं" असे बोलू नये. हा आजार पाप नाही, शाप नाही, आणि शिवल्याने होत नाही.

हातात काय आहे ते पाहू.

अंगावर पाजणे : ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २००२ साली आला. आईने आयुष्यात एकूण जितके पाजले, त्यातल्या दर १२ महिन्यांमागे धोका सुमारे ४ टक्क्यांनी कमी होतो. पण त्यासाठी बाळंतपणे वाढवू नका. त्याने शरीर झिजते.

वजन : पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत बनते. म्हणून त्या वयात वजन आटोक्यात ठेवा, रोज अर्धा तास भरभर चाला.

दारू : थोडी घेतली तरी धोका वाढतो.

हार्मोनच्या गोळ्या : पाळी जाताना होणाऱ्या त्रासावर त्या मनाने घेऊ नका.

मात्र "मी चार लेकरं पाजली, मला काय होतंय?" असे समजू नका. यातले एकही कारण नसलेल्या बाईलाही हा आजार होतो. म्हणून तपासणी हवीच. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटाचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हाताने तपासले. तपासलेल्या गटात आजार लवकर सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

तिशी झाली की जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत करून घ्या. स्तनात किंवा काखेत गाठ, बोंडातून रक्त, बोंड आत ओढले जाणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, यातले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

हे पान वाचून झाले की सासूला, सुनेला आणि शेजारणीलाही सांगा. एकट्याने जायची लाज वाटत असेल, तर चौघी मिळून जा.