लेकरू ठेवण्याआधी एकदा दुपारी जाऊन या

सुगी तोंडावर आली. सोयाबीन काढायचं, मग कापूस वेचायचा, आणि घरात सांभाळणारं म्हातारं माणूस नसलं की लेकराचं काय करायचं? तीन वर्षांवरचं मूल अंगणवाडीत जातं, पण अंगणवाडी दुपारी सुटते. त्याहून लहान बाळाला तिथून घरी आहार मिळतो, दिवसभर ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून कुठं बचत गटाचं, कुठं संस्थेचं, कुठं अंगणवाडीलाच जोडलेलं पाळणाघर सुरू होतं. ते बरं की नाही, हे आपण कसं ओळखायचं?

माझंच सांगते. माझी धाकटी दीड वर्षाची असताना मी तिला एका पाळणाघरात ठेवत होते. भिंतीवर मोर, फुगे, बाराखडी. सकाळी सोडायला आणि संध्याकाळी आणायला जायचे. दोन्ही वेळा अंगण झाडलेलं, पोरं तोंड धुऊन, पावडर लावून बसलेली. एकदा पावसानं काम बंद पडलं आणि मी दुपारी दोनलाच गेले. बाई चुलीपाशी भात बघत होती आणि माझी पोर न्हाणीत बादलीवर ओणवी होऊन पाण्यात हात मारत होती. काही झालं नाही. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बाईला तरी काय बोलणार? सतरा पोरं आणि ती एकटी. तिनं रांधायचं की राखायचं?

म्हणून पाळणाघर बघायचं ते दुपारी, आणि न सांगता. आईला कधीही आत येऊ देतात का, हे पहिलं विचारा. “पोर रडतं, दारातूनच जा” असं रोजच सांगत असतील, तर का ते कळलंच पाहिजे.

मग पाणी बघा. रांगतं मूल डोक्यावर बादलीत पडलं तर त्याला स्वतःला बाहेर येता येत नाही. त्याला वीतभर पाणीही पुरतं, आणि बाहेर आवाजसुद्धा येत नाही. बादली रिकामी करून पालथी घातलेली हवी, टाकीला झाकण हवं, दाराला मुलाचा हात पोचणार नाही अशी कडी हवी. फवारणीचं औषध त्या घरात ठेवलेलं नाही ना, हे स्पष्ट विचारा. औषधाच्या रिकाम्या डब्यात पिण्याचं पाणी भरलेलं मी पाहिलं आहे, अगदी शिकल्या-सवरल्या घरातही.

खायला काय देतात? अख्खे शेंगदाणे, फुटाणे लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतात. पाच वर्षांच्या आत दाणे द्यायचे तर कूट करूनच. तान्हं बाळ पाठीवर निजवतात का, तोंडावर पांघरूण येत नाही ना, झोळी बाईच्या नजरेसमोर आहे ना, तेही बघा.

आणि एक अवघड गोष्ट. मूल रोज संध्याकाळी पेंगुळलेलं, जडावलेलं घरी येत असेल तर गप्प बसू नका. पोरं शांत राहावीत म्हणून खोकल्याचं औषध नाहीतर कसली गोळी चाटवायची रीत अजून गेलेली नाही. तशी शंका आली तर मुलाला त्याच वेळी दवाखान्यात दाखवा. मारहाण किंवा त्याहून वाईट काही वाटलं तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो.

दर महिन्याला वजन करून कार्डावर मांडतात का? रेघ वर चढत असेल तर ठीक. आडवी पडली किंवा खाली आली तर बाईंशी बोला, आशाताईंनाही सांगा. मुलाला न्यायला कोण येणार, त्यांची नावं लिहून द्या. “मामा आहे” म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती पोर जाता कामा नये.

दोष काढायला मात्र जाऊ नका. बाई एकटी असेल तर तिला आधी मदतनीस हवी आहे, उपदेश नको. आमच्या गटानं रांधायला दुसरी बाई लावली, तिचा पगार आम्ही आया मिळून देतो, आणि बादलीपाशी आता कुणी पोर नसतं.

येत्या आठवड्यात गटातल्या दोघी दुपारी दोनला जाऊन या. जाताना बाईंसाठी ओंजळभर शेंगा न्या. पोरांना देऊ नका.