पत आधी, अर्ज नंतर

पेढीवर एखादा अपरिचित ग्राहक प्रथमच उधारीवर माल मागू लागला, तर अनुभवी व्यापारी त्याच्या गोड बोलण्याला भुलत नाही. ‘यापूर्वी आपला व्यवहार कोणाशी झाला आहे?’ एवढेच तो शांतपणे विचारतो. संगणकशास्त्र शिकणारी आपली मुले-मुली मुक्तस्रोत प्रकल्पांकडे अर्ज करतात, तेव्हा त्यांनाही नेमका हाच प्रश्न विचारला जातो.

ज्या संगणकप्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, सुधारता येते आणि इतरांना देता येते, ती मुक्तस्रोत प्रणाली. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ मध्ये सुरू केलेले ‘लिनक्स’ हे तिचे ठळक उदाहरण. आज घरोघरी दिसणाऱ्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी तेच आहे.

अशा प्रकल्पांकडे नवोदितांनी वळावे म्हणून गूगलने २००५ मध्ये ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम सुरू केला. प्रारंभी तो केवळ विद्यार्थ्यांसाठी होता. २०२२ पासून अठरा वर्षे पूर्ण केलेल्या अन्य नवोदितांनाही तो खुला झाला. त्यासाठी शुल्क नाही. काम घरी बसून, अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करावयाचे असते. मानधनाची रक्कम देशानुसार बदलते आणि ती मधल्या व अखेरच्या मूल्यमापनात उत्तीर्ण झाल्यावरच हाती पडते. एका इच्छुकाला तीन प्रस्ताव पाठवता येतात; स्वीकारला जातो तो फार तर एक.

हा प्रस्ताव म्हणजे कर्जाच्या अर्जासोबत जोडलेला प्रकल्प अहवालच होय. काय करणार, त्याचा उपयोग कोणाला, कोणत्या मार्गाने करणार आणि कोणत्या आठवड्यात किती काम पुरे होईल, हे त्यात नेमके मांडावे लागते. मोठ्या प्रकल्पासाठी सुमारे ३५० तास अपेक्षित असतात. बारा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला जवळजवळ तीस. मे-जूनमधील परीक्षा आणि घरातील लग्नकार्य लपवून आखलेले वेळापत्रक कागदावर देखणे दिसते, पण पहिल्याच हप्त्याला थकते. अडचणीचे दिवस आधीच नमूद करणाऱ्याचा शब्द अधिक भरवशाचा ठरतो.

तथापि केवळ अहवाल सुबक आहे म्हणून बँक कर्ज मंजूर करीत नाही; ती खात्याचा पूर्वेतिहास तपासते. येथे ते खाते उघड्यावरच असते. टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये तयार केलेल्या ‘गिट’ या व्यवस्थेत प्रत्येक बदल नाव, तारीख आणि कारणासह नोंदला जातो. मुख्य वहीत सहसा खाडाखोड होत नाही. चूक आढळली तर उलट नोंद करून ती निस्तरतात. रोजमेळ लिहिणाऱ्या घराला ही शिस्त नवी नाही. अर्जदाराने मुदतीपूर्वी दोन-तीन महिने केलेली लहान लहान कामे त्या वहीत दिसली, तर मार्गदर्शकाचा निम्मा संशय तेथेच फिटतो. उलट शेवटच्या रात्री यंत्राकडून लिहून घेतलेला भरघोस प्रस्ताव कितीही नटवलेला असला, तरी त्यामागे खातेच नसते.

आरंभ अगदी साधा असू शकतो. मार्गदर्शक पुस्तिकेतील चुकीचे वाक्य दुरुस्त करणे, एखादा दोष आपल्या संगणकावर पुन्हा घडवून त्याचा क्रमवार वृत्तान्त देणे, ‘लिब्रेऑफिस’मधील शब्दांचे चांगले मराठी रूप सुचवणे, ही सारी कामे मोलाची आहेत. मुंबईतील फ्रॅपे या कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही व्यवसायाचा हिशेब सांभाळणारी प्रणालीही मुक्तस्रोत आहे. ज्या मुलाने दुकानात बसून जीएसटीची बिले फाडली, परत आलेल्या मालाची नोंद केली, त्याला अशा प्रणालीतील उणीव निष्णात अभियंत्याच्याही आधी जाणवू शकते. पेढीवरचे शिक्षण वाया जात नाही, ते असे.

‘फुकट काम कशासाठी?’ असे घरातील वडीलधारी विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर केवळ मानधनात शोधू नये. निवड होईलच अशी हमी नसते. चांगले प्रस्तावही जागांअभावी नाकारले जातात. परंतु नाकारला जातो तो अर्ज. वहीत नोंदलेले काम नाकारले जात नाही. ते तसेच राहते आणि पुढील वर्षी किंवा नोकरीच्या वेळी कोणालाही तपासता येते. दुसरी दारेही आहेत. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ हा प्रकल्प विद्यार्थ्यांना मुक्तस्रोत कामाची संधी देतो, आणि तेथेही आधी नमुन्याचे काम करून दाखवावे लागते.

म्हणून निकालाच्या दिवशी मुलाला ‘निवड झाली का?’ असे विचारण्यापूर्वी पालकांनी हिवाळ्यातच एक प्रश्न विचारावा : ‘तुझ्या नावावर आजवर किती नोंदी झाल्या?’ भांडवल बापाकडून मिळू शकते. पत मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते.