चढापुरतं दुसरं इंजिन

फोनच्या खोक्यावर प्रोसेसरचं नाव असतं, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असतात. पण आपला आवाज, फोटो, पैसे हे सगळं हवेतून टॉवरपर्यंत पोचवणाऱ्या चिपचा तिथे उल्लेखही नसतो. ती चिप म्हणजे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, आमच्या बोलण्यात ‘पीए’. बेंगळुरूत मी याच चिपच्या डिझाइनचं काम करते आणि फोनमधला सगळ्यांत अवघड भाग हाच, असं मला मनापासून वाटतं.

फोर-जी फोन जास्तीत जास्त 200 मिलीवॉटच्या आसपास पॉवर हवेत सोडतो. टॉवर जवळ असेल तर त्याच्या अगदी थोड्या अंशात भागतं. रेंजची मारामार असेल तेव्हा पीए पूर्ण जोर लावतो. त्याची कार्यक्षमता 40 टक्के धरली, तर 200 मिलीवॉट बाहेर काढायला बॅटरीतून 500 घ्यावे लागतात. उरलेल्या 300 ची उष्णता होते. डोंगराआडच्या गावात व्हिडिओ कॉल लावला की फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते, त्याचं एक मोठं कारण हे.

मग कार्यक्षमता वाढवा की! अडचण अशी की ट्रान्झिस्टर सगळ्यांत कमी वीज वाया घालवतो ते पार टोकापर्यंत ताणल्यावर, आणि नेमका तिथेच तो सिग्नलची उंच टोकं दाबून टाकतो. जुन्या टू-जी फोनना याचं काही वाटायचं नाही. तिथे लहरीची उंची कायम असायची, माहिती असायची ती फक्त लहरीच्या पुढेमागे सरकण्यात. फोर-जी आणि फाइव्ह-जीमध्ये उंचीतही माहिती असते. शिखराची पॉवर सरासरीच्या चौपट-सहापट जाते. अशी शिखरं विरळ, पण ती सरळ पार व्हावीत म्हणून पीएला सतत जागा राखून चालावं लागतं. पाठ्यपुस्तकातला आदर्श ‘क्लास बी’ अ‍ॅम्प्लिफायर शिखरावर 78.5 टक्के कार्यक्षम असतो. चौथाई पॉवरला तोच 39 टक्क्यांवर येतो, आणि सिग्नलचा बहुतेक वेळ जातो तो तिथेच, खालच्या अंगाला.

दबलेली शिखरं डोळ्यांनी बघायची तर प्रयोगशाळेत यावं. गॅलियम आर्सेनाइडची चिप मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. मायक्रोस्कोपखाली तिच्या पॅडवर सुईसारखे प्रोब टेकवायचे आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरकडे बघायचं. पडद्यावर सिग्नलचं सपाट पठार दिसतं आणि दोन्ही बाजूंना खाली उतरलेले खांदे. खांदे म्हणजे शेजारच्या चॅनेलमध्ये सांडलेली पॉवर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी कॉलमध्ये आपला गोंगाट. फोर-जीचा नियम सांगतो की शेजारी सांडलेली पॉवर आपल्या पॉवरच्या हजाराव्या हिश्शाच्या आत हवी. इनपुट एक डेसिबलने वाढवा, खांदे साधारण तीन डेसिबलने वर येतात.

एकदा डावा खांदा उजव्यापेक्षा स्पष्ट उंच दिसत होता. ट्रान्झिस्टर निर्दोष होता. दोष सापडला वीज आणणाऱ्या तारेत. सिग्नलची उंची बदलली की तारेतला प्रवाह बदलतो, प्रवाह बदलला की व्होल्टेज हलतं, आणि आत्ताच्या क्षणावर मागच्या क्षणाचा ठसा उमटतो. कपॅसिटर चिपच्या अगदी जवळ आणून बसवला आणि दोन्ही खांदे एका उंचीवर आले. या कामात सर्किट कागदावर बरोबर असून भागत नाही. कुठली वस्तू किती अंतरावर आहे, तेही सर्किटच असतं.

विरळ शिखरांच्या दुखण्यावर मला सगळ्यांत आवडलेला उपाय 1936 सालचा आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विल्यम दोहर्टी रेडिओ केंद्रांच्या अवाढव्य ट्रान्समीटरवर काम करत होते. ट्रान्समीटर व्हॅक्यूम ट्यूबचे, विजेचं बिल प्रचंड. त्यांनी एकाऐवजी दोन अ‍ॅम्प्लिफायर लावले. मी कर्जतची, त्यामुळे ही कल्पना मला पहिल्या वाचनात कळली. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, बोरघाट चढवतात आणि सुटतात. सपाटीवर ती कोणी ओढत नेत नाही. दोहर्टींचा दुसरा अ‍ॅम्प्लिफायरही मधल्या पातळीपर्यंत बंदच असतो आणि शिखर आलं की जागा होतो.

खरी करामत त्याच्या पुढची आहे. पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरला मुद्दाम जड भार दिलेला असतो, म्हणून तो चौथाई पॉवरलाच आपल्या टोकाला, म्हणजे उत्तम कार्यक्षमतेला पोचतो. दुसरा जागा झाला की त्याच्या प्रवाहामुळे पहिल्याला दिसणारा भार उतरत जातो. पहिला टोकावरच राहतो, पण न दबता जास्त पॉवर देत जातो. हे घडवून आणते दोघांमधली पाव तरंगलांबीची तार. मोबाइलचे सिग्नल उंचसखल झाले तसा हा जुना उपाय टॉवरवरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये परतला आणि आज तिथे सर्रास वापरला जातो.

चिपवर मात्र ही तार छळते. 3.5 गिगाहर्ट्झला हवेतली पाव तरंगलांबी 21 मिलिमीटर होते. चिपच्या पदार्थात ती आखडते, तरी चिपहून कितीतरी लांबच. म्हणून तिच्या जागी छोटी कॉइल आणि कपॅसिटर बसवतो. त्यांत थोडी पॉवर मुरते आणि एकाच अरुंद पट्ट्यात ते नीट चालतात.

शिवाय फोन माणसाच्या हातात असतो. बोट अँटेनावर आलं की पीएला दिसणारा भार बदलतो, आणि दोहर्टीची सगळी भिस्त नेमक्या भारावर. त्यामुळे फोनमध्ये बरेचदा वेगळी वाट धरतात : सिग्नलच्या उंचीबरोबर पीएला मिळणारं व्होल्टेजच वरखाली करायचं. तरीही फोनसाठी दोहर्टी करायचा, तर अँटेनाच्या जागी बदलता भार लावून तो गोल फिरवावा लागतो आणि दर कोनाला खांदे मोजावे लागतात. एखाद्या कोनात ते मर्यादेबाहेर गेले, तर मी दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला थोडं लवकर जागं करते. कार्यक्षमता काही टक्क्यांनी घसरते. ते नुकसान मी पत्करते, कारण शेजारच्या चॅनेलवर बोलणाऱ्या माणसाला माझ्या चिपचा त्रास होता कामा नये.