जाडावलेले हृदय आणि श्रम

हृदयाच्या कप्प्यांतून अहोरात्र रक्त वाहत असते. परंतु त्या रक्ताने हृदयाच्या स्वतःच्या स्नायूची तहान भागत नाही. त्याला आपला वाटा महाधमनीच्या उगमापाशी फुटणाऱ्या दोन धमन्यांतूनच घ्यावा लागतो. त्यातही डाव्या खालच्या कप्प्याचा स्नायू आकुंचन पावतो, तेव्हा आपल्याच अंगातील बारीक धमन्या आवळून धरतो. म्हणून त्याला बहुतेक रक्त मिळते ते दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात.

मिनिटाला सत्तर ठोके पडत असता हा विसावा सुमारे अर्ध्या सेकंदाचा असतो. श्रमाने ठोके दीडशेवर गेले की तो निम्म्याहूनही कमी उरतो. मागणी वाढावी आणि नेमका त्याच वेळी पुरवठ्याचा अवधी आटावा, असा हा पेच आहे. इतर स्नायू अशा प्रसंगी रक्तातून अधिक प्राणवायू शोषून घेतात. हृदयाला ती सोय फारशी नाही; कारण विश्रांतीतही ते मिळालेल्या रक्तातील सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतच असते. रक्ताचा ओघ वाढविणे एवढाच मार्ग उरतो. निरोगी हृदयात बारीक धमन्या रुंदावून हा ओघ चौपट-पाचपट होतो, आणि माणसाला त्याची जाणीवही होत नाही.

वर्षानुवर्षांचा रक्तदाब, अरुंद झालेली झडप किंवा आनुवंशिक दोष यांमुळे स्नायू जाडावला की हे गणित चुकते. मांस वाढते, पण केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. आनुवंशिक विकारात तर बारीक धमन्यांच्या भिंतीही जाड होतात. ताठरलेला कप्पा विसाव्यातही पुरता सैलावत नाही. आतील दाबाने सर्वांत आतला थर चेपला जातो, आणि श्रमात पहिली उपासमार त्याचीच होते. मग छाती आवळते, धाप लागते, कधी भोवळ येते. मोठ्या धमन्यांची तपासणी मात्र निर्दोष निघू शकते. अशा रोग्याची ‘मनाचे खेळ’ म्हणून बोळवण करणे हा अन्यायच होय.

१९५८ मध्ये लंडनचे विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर यांनी तरुणांमधील या आनुवंशिक विकाराच्या आठ प्रकरणांचे वर्णन केले. त्यांतील बहुतेकांना अकस्मात मृत्यू आला होता. पुढे २००३ मध्ये इटलीतील वैद्यांनी ५१ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धमन्या रुंदावणारे औषध देऊनही ज्यांच्या हृदयातील ओघ फारसा वाढला नाही, त्यांची प्रकृती पुढील वर्षांत अधिक खालावली. उपासमारीने मेलेल्या तंतूंच्या जागी वण उरतो, आणि ठोक्यांची लय बिघडण्यास तेवढे निमित्त पुरते.

उपचारांतील एक युक्ती या विवेचनावरून सहज ध्यानी येईल. ठोके मंदावणारी औषधे विसाव्याची लांबी वाढवितात, म्हणजेच हृदयाला जेवायला वेळ देतात. व्यायाम सरसकट वर्ज्य मानण्याची जुनी रीतही आता मागे पडली आहे. वैद्यांच्या सल्ल्याने बेताचा व्यायाम बहुतेकांना हितकर ठरतो. मात्र धावताना कोणी बेशुद्ध पडला, तर त्याला पाणी पाजून घरी धाडू नये. ध्वनिलहरींच्या साह्याने त्याचे हृदय तपासून घ्यावे. विकार आनुवंशिक निघाला, तर त्याच्या भावंडांचे आणि मुलांचेही.