'मराठवाडा': बंदीत वाढलेले वृत्तपत्र

आनंद कृष्ण वाघमारे यांनी 1938 मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक काढले ते पुण्याहून, कारण ज्यांच्यासाठी ते काढायचे होते त्यांच्या मुलखात ते काढता येत नव्हते. मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. तिथे पत्र काढायला सरकारी परवानगी लागे आणि साध्या सभेलाही सभाबंदीचे 'गश्ती निशान 53' हे फर्मान आडवे येई. संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने परतूर (1937), लातूर (1938) आणि नांदेडजवळच्या उमरीत (1941) भरली. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर मात्र स्थापनेआधीच बंदी आली. 1938 च्या अखेरीस तिचा सत्याग्रह झाला. या चळवळीचा छापील आवाज म्हणजे वाघमाऱ्यांचे पत्र.

निजाम सरकारने संस्थानात त्यावर बंदी घातली. बंदी असे नावावर. नाव बदलले की सरकारला नवा हुकूम काढावा लागे आणि तोवर नवे अंक मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, शिरलेले असत. वाघमाऱ्यांनी हा खेळ अनेक नावांनी चालवला. वाचकांना नावाची पर्वा नव्हती; मजकूर कोणाचा हे त्यांना दोन ओळींत कळे.

नॉर्वेतल्या मजूर पक्षाच्या पत्राचीही नावे बदलत गेली. 1884 मध्ये ओस्लोत 'वोर्त आर्बाइद' या नावाने निघालेले ते पत्र पुढे 'सोशल-डेमोक्रातेन', 1923 पासून 'आर्बाइदरब्लादे' आणि 1997 पासून 'दाग्सअविसेन' झाले. तिथे पक्षाची मालकी होती आणि नावे काळाबरोबर बदलली. इथे नाव बदलणे हीच लढाईची रीत होती.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले. लढाई जिंकली की लढाऊ पत्राने करायचे काय, हा प्रश्न उरला. पत्र पुढे औरंगाबादला स्थिरावले आणि 1953 पासून अनंत भालेराव संपादक झाले. मुक्तिसंग्रामातला हा कार्यकर्ता कालच्या सहकाऱ्यांच्या सरकारलाही तितकेच खडसावू लागला. नागपूर कराराने मराठवाड्याला दिलेली वचने, मीटरगेजवर अडकलेली रेल्वे, औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठ: विकासाच्या या मागण्या पत्राने सतत लावून धरल्या. साप्ताहिकाचे पुढे दैनिक झाले. आणीबाणीत भालेराव तुरुंगात गेले. पत्राचे खरे मोठेपण या काळात आहे. बंदीच्या दिवसांत शौर्य होते, पण शत्रू ओळखीचा होता.

खरी कसोटी 1978 मध्ये लागली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव जुलैत विधिमंडळात झाला आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. भालेराव आणि मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ नामांतराच्या विरोधात उभे राहिले. प्रदेशाची अस्मिता, असे त्यांचे म्हणणे. पण ज्या प्रदेशासाठी पत्र लढले त्यातला एक मोठा वर्ग त्यापासून दुरावला. हा हिशेब पत्राच्या इतिहासात जमेच्या बाजूला मांडता येत नाही. नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले, त्याला मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मिळाले.

तोवर वृत्तपत्रांचा धंदा बदलला होता. 1982 मध्ये 'लोकमत'ची औरंगाबाद आवृत्ती निघाली, नांदेडला 'प्रजावाणी'सारखी स्थानिक दैनिके होतीच, पुढे लातूरहून 'एकमत' निघू लागले. रंगीत छपाई, जाहिराती आणि जिल्हावार पाने यांपुढे चळवळीच्या पैशावर आणि निष्ठेवर चालणाऱ्या पत्राचा टिकाव लागणे अवघड होते. भालेराव 1991 मध्ये वारले. त्यानंतर काही वर्षांत 'मराठवाडा' बंद पडले.